दक्षिणेस बोळ

लोक म्हणतात, घर घेतलं. चाळीस वर्षं घरांचे कागद लिहून मी सांगते, घर कुणी घेत नसतं. माणूस चार शेजारी घेतो आणि त्यांच्या मधे जी जागा उरते तिच्यात राहायला जातो. खोटं वाटत असेल तर तुमचं खरेदीखत काढून बघा. देणाऱ्याचं नाव सापडेल, घेणाऱ्याचं सापडेल, पण घर कुठाय म्हणून शोधाल तर तिथं लिहिलेलं असतं, पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस तमक्याची भिंत, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस आड. याला चतुःसीमा म्हणतात. तुमचं घर कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं हे दुसऱ्यांची नावं घेतल्याशिवाय सांगताच येत नाही.

मी जिंतूरला रजिस्ट्री कचेरीच्या बाहेर टेबल टाकून दस्त लिहायची. घेणारा-देणारा दोघं यायचे, त्यांचं जे ठरलंय ते ऐकायचं, कायद्याच्या भाषेत उतरवायचं, मग आत नेऊन नोंदवायचं. माझ्या आधी त्याच टेबलावर माझे वडील, आबा, बसायचे. निजामाच्या राज्यातलं शिक्षण, त्यामुळं उर्दू त्यांच्या बोटावर. जुन्या गावातल्या निम्म्या घरांचे मूळ कागद उर्दूत, त्यांना बैनामा म्हणायचे. तो वाचून मराठीत दस्त लिहिणारा माणूस गावात एकच, आबा. त्यांना काचबिंदूनं गाठलं तेव्हा मी नुकतीच बी.ए. झाले होते. मी अक्षरं ओळखायला शिकले, ते अर्थ सांगायचे. दोन वर्षं असं चाललं आणि मग एक दिवस म्हणाले, "आता तूच बस. मला घरी बसून बरं वाटायलंय."

आबांना सगळे मुनशीजी म्हणायचे. मी बसल्यावर मला काय म्हणायचं हा गावाला प्रश्न पडला. कुणी वकीलीणबाई म्हणायचं, कुणी नुसतं 'ओ बाई'. एका म्हाताऱ्यानं मुनशीबाई म्हटलं आणि ते चिकटलं ते आजपर्यंत. बाईमाणूस कागद लिहिणार म्हणून सुरुवातीला लोक टेबलाला वळसा घालून जायचे. माझी जीभ जरा तिखट आहे, त्याचा उपयोग झाला. एक जण मला म्हणाला, "घरातला कुणी माणूस न्हाई का?" मी म्हटलं, "आहे ना, त्याला लिहिता येत नाही." लग्न झाल्यावर नवऱ्यालाही हा किस्सा सांगितला, तो बिचारा हसला.

आबांचा एक नियम होता. दस्त लिहायच्या आधी घर बघून यायचं, आणि नुसतं बघून नाही, चारी भिंतींना हात लावून. डोळे गेल्यावरही ते जायचे. माझ्या खांद्यावर हात ठेवून गल्लीगल्लीनं हिंडायचे, भिंतीवर पंजा ठेवायचे, दारापाशी तिची जाडी चाचपायचे आणि सांगायचे, "ही दोघांची सामाईक हाय, एकट्याची म्हणून लिहू नको." जुन्या गावात हे फार महत्त्वाचं असतं. बाहेर बायपासला प्लॉटिंग झालंय, तिथं काय, नंबर टाकला की काम झालं. जुन्या गावात घराला घर चिकटलेलं. एकाची खुंटी दुसऱ्याच्या भिंतीत, एकाची मोरी दुसऱ्याच्या अंगणातून. कागद म्हणतो एक आणि जागेवर दिसतं भलतंच. म्हणून आबा म्हणायचे, कागदावर विश्वास ठेव, पण हात लावून ये.

गिऱ्हाइकांना मीही एक फुकटचा सल्ला द्यायची. घर बघायला दुपारी जाऊ नका. दुपारी सगळीच घरं चांगली दिसतात. संध्याकाळी जा, माणसं घरी आलेली असतात, नळ आलेला असतो, भांडणं चालू असतात. कुणाचा आवाज कसा आहे ते कळतं. भिंती काय, दुरुस्त होतात.

नमुनेही एकेक भेटले. एका शिंप्यानं घर विकलं, सगळं ठरलं, आणि सही करायच्या आधी म्हणाला, "झोपाळ्याच्या कड्या माझ्या. तसं लिवा." घेणाऱ्यानं कपाळाला हात लावला. मी लिहिलं, माझं काय जातंय? 'तुळईतील लोखंडी कड्या दोन नग वगळून.' दुसऱ्या दिवशी शिंपी पक्कड घेऊन गेला. कड्या त्याच्या आज्यानं ठोकलेल्या, हलायलाच तयार नाहीत. जोर लावला तर तुळई तडकणार. तो घामाघूम झालेला बघून नवा मालक म्हणाला, "राहू द्या भाऊ, झोपाळाच इथं आणून लावा अन् बसायला येत जा." शिंपी खरंच झोपाळा घेऊन आला. पुढं कितीतरी वर्षं दर रविवारी तो विकलेल्या घरात झोपाळ्यावर बसून चहा प्यायचा. माझ्या दस्तातलं ते वाक्य अजून तसंच आहे, कड्या अजून कायद्यानं शिंप्याच्याच.

असे किस्से सांगायला लागले की लोक म्हणतात, मुनशीबाई, तुमच्या हातून कधी चूक झाली नाही. तेच सांगायला आज बसलेय. झाली. एकच झाली, पण अशी झाली की तिच्यामुळं एका बाईला आपल्याच घरात जाता येईना.

सुनंदा सिस्टर चारठाण्याला सरकारी दवाखान्यात नर्स होती. मूळची जिंतूरचीच, गावाच्या कडेच्या वस्तीतली, बौद्ध कुटुंब. बाप लवकर गेला. आईनं, गयाबाईनं, मातीकाम करून तिला शिकवलं. मातीकाम म्हणजे भिंतींना गिलावा करायचा, माळवदं चोपायची, मातीच्या पाट्या डोक्यावर वाहायच्या. आमच्या जुन्या गावातल्या बहुतेक भिंती गयाबाईच्या हाताखालून गेलेल्या. आमच्याही. तिला आमच्या घरी पाणी कसं दिलं जायचं ते मला पक्कं आठवतं. आई तांब्या उंच धरायची, गयाबाई खाली ओंजळ. मी तेव्हा लहान होते म्हणून मला माफ आहे, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं.

तर सिस्टर माझ्याकडं आली आणि म्हणाली, "मावशी, जुन्या गावात घर घ्यायचंय."

मी म्हटलं, "अगं, सगळे जुनं गाव सोडून बायपासला चालले, तू उलटी कुठं निघालीस?"

"माय म्हणती, घ्यायचं तर त्याच गल्लीत. त्या गल्लीतल्या सगळ्या भिंती लिंपल्या तिनं, पण एकाबी घरात कधी बसली न्हाई. आता गुडघे गेलेत तिचे. जितके दिवस हायत तितके तिथं बसंल म्हणती. माझी शाळा तिथून जवळ होती, बाजार जवळ, दवाखाना जवळ. अन् खरेदी तिच्याच नावावर करायची."

घर ठरलं. गल्लीतल्या दिगंबररावांच्या घराला लागून एक बोळ आत जायचा, बोळाच्या टोकाला ते घर. दोन खोल्या, वर माळवद, पुढं इवलंसं अंगण, आणि दार एकच, बोळात उघडणारं. विकणारा मुलाकडं पुण्याला कायमचा निघालेला. सिस्टरनं पंधरा वर्षांच्या पगारातून बाजूला टाकलेलं सगळं त्यात घातलं.

आणि आता माझं ऐका. मार्चचा शेवट होता. एक एप्रिलला सरकारी दर वाढतात म्हणून त्या आठवड्यात कचेरीत मुंगीला शिरायला जागा नसते. त्या दिवशी माझ्यासमोर सात दस्त. विकणारा घाई करायलेला, गाडीचं रिझर्वेशन आहे म्हणून. त्यानं स्वतःचं जुनं खरेदीखत पुढं केलं. त्यात चतुःसीमा स्वच्छ लिहिलेली, दक्षिणेस बोळ. घर गल्लीतलं, माझ्या पाहण्यातलं. मी म्हटलं, ठीक आहे, आणि जुन्यावरून नव्यावर उतरवून काढलं. दक्षिणेस बोळ. हात लावायला गेले नाही. चाळीस वर्षांत एवढं एकच घर.

नवं घर घेतल्यावर सामान हलवायचा दिवस रविवारचा. सकाळी नऊला सिस्टरचा फोन, "मावशी, तुमी लगेच या." आवाज असा की मी चहाचा कप तसाच ठेवून निघाले.

गल्लीत टेम्पो उभा. टेम्पोत कपाट, खाट, पिठाचे डबे. खाली भांड्यांच्या पोत्यावर गयाबाई बसलेली, मांडीवर चादरीत गुंडाळलेली बुद्धाची मूर्ती. बोळाच्या तोंडाला पत्र्याचं फाटक, आणि फाटकाला नवंकोरं कुलूप. फाटकाच्या फटीतून मी बघितलं. आत बोळाच्या निम्म्या रुंदीत एक न्हाणी बांधलेली. म्हणजे बोळ कागदावर, आणि जागेवर दिगंबररावांची न्हाणी, दिगंबररावांचं फाटक. आधीचा मालक त्यांचा मित्र, त्याला जायला-यायला फाटक उघडंच असायचं. त्यानं सांगितलं नाही, आणि मी बघितलं नाही.

दिगंबरराव ओट्यावर पेपर वाचत बसलेले. सत्तरी ओलांडलेला माणूस, आडतीचं दुकान मुलीच्या नवऱ्यावर सोपवून घरी बसलेला. मी विचारलं, "हे कुलूप कामून?"

"चोऱ्या लय व्हायलायत, मुनशीबाई."

"अहो, आत जायची वाट आहे ती."

"वाट कशाची? दोस्त होता माझा, त्याला जाऊ देत होतो. फाटक माझं, न्हाणी माझी. तुमी कागद करताना मला इचारलं व्हतं का?"

विचारलं नव्हतं. शेजारच्या खिडक्या अर्ध्या उघड्या, मागं माणसं. आमच्या जुन्या गावात खरं कारण तोंडानं सांगत नाहीत, कुलूप लावतात. सगळ्यांना कळतं, आणि सगळे चोऱ्यांविषयी बोलत राहतात.

सिस्टर माझ्याकडं वळली. रडत नव्हती, रडली असती तर मला सोपं गेलं असतं. म्हणाली, "मावशी, तुमी लिवलंय ना, दक्षिणेस बोळ म्हणून? मग दाखवा आमाला बोळ."

टेम्पो परत चारठाण्याला गेला. गयाबाई चढताना फक्त एवढंच म्हणाली, "हळू चालव रे, डबे सांडतील."

त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना. लोक म्हणाले, कोर्टात जाऊ द्या त्यांना. कोर्टात वाट मिळाली असती, पण किती वर्षांनी? सरकारी मोजणी झाली तेव्हा न्हाणी उभीच होती, नकाशात बोळ दिगंबररावांच्या घरातच मिसळून गेलेला. तोवर गयाबाई कुठली राहायला? घर तिच्या नावावर झालेलं आणि ती भाड्याच्या खोलीत गुडघे धरून बसलेली. तिला त्या अंगणात बसवायचं होतं, आणि वेळ फार नव्हता.

मी दिगंबररावांकडं गेले. आधी गोड बोलले, मग माझ्या स्वभावाप्रमाणं आवाज चढला. तेही चिडले. "थांबा," म्हणाले, "आज्याच्या टायमाचा बैनामाच दाखवतो तुमाला." आतून पत्र्याची पेटी आणली, लाल फडक्यात गुंडाळलेला कागद काढला. त्यांना उर्दू येत नव्हतं, त्यांच्या वडिलांनाही नव्हतं. तीन पिढ्या तो कागद पूजेतल्यासारखा जपलेला आणि कुणी वाचलेला नाही.

मी वाचला. मशरिक म्हणजे पूर्व, तिथं गल्ली. मगरिब, पश्चिम, तिथं कुणाचं तरी घर. शुमाल, म्हणजे उत्तर, तिथं स्वच्छ अक्षरात, 'आम रास्ता'. सगळ्यांची वाट.

दिगंबररावांनी कागद माझ्या हातातून घेतला. "तुमी त्यांच्या बाजूच्या. तुमी तसंच वाचणार." आणि उठून मशिदीजवळच्या एका निवृत्त उर्दू मास्तरांकडं गेले. तासाभरानं परत आले. मास्तरांनी तेच वाचलं होतं. पण माणूस वस्ताद. म्हणाले, "आज्याच्या टायमाला असंल वाट. मागून वडलांनी ती जागा घेतली असणार."

"कागद आहे का घेतल्याचा?"

"कागद कशाला पायजे? वडलांनी न्हाणी बांधली ना तिथं? दुसऱ्याच्या जागेत कुणी न्हाणी बांधतं का?"

मी तशीच एसटीत बसून चारठाण्याला गेले. सिस्टरच्या खोलीत तिच्यासमोर आणि गयाबाईसमोर बसले आणि सांगितलं, "चूक माझी आहे. मी घर बघायला गेले नाही. गेले असते तर फाटक दिसलं असतं, दिगंबररावांची संमतीची सही आधी घेतली असती, नाहीतर तुम्हाला सावध केलं असतं. मी जुन्यावरून उतरवलं." आयुष्यात मी कुणाला असं सांगितलं नव्हतं. सिस्टरनं मान फिरवली. तिचा राग मला पटत होता. मग मी दिगंबररावांचं म्हणणं सांगितलं, वडिलांनी न्हाणी बांधली म्हणजे जागा वडिलांची.

गयाबाई एकदम हसायला लागली. तोंडाला पदर लावून हसली.

"कोणती? ती फाटकाच्या आतली न्हाणी? अवो मुनशीबाई, ती तर म्या बांधलीय!"

"म्हणजे?"

"म्हंजे काय, ह्या मालकाच्याच लग्नात. पावणे लय येणार, न्हाणी पुरायची न्हाई म्हणून थोरल्या मालकानं चार दिवसांत बांधून घेतली. मातीत दगड बसवले, वरून गिलावा केला. आमी दोघं नवरा-बायको अन् माझी सासू."

मी तिला विचारलं, हे दिगंबररावांच्या तोंडावर सांगशील का? ती म्हणाली, "कामून न्हाई? खोटं हाय का?"

आम्ही तिघी गेलो. मी सवयीनं ओट्यावर चढून बसले. सिस्टर माझ्या शेजारी. गयाबाई पायरीच्या खाली उभी राहिली, तिचीही सवयच. कुणी तिला वर ये म्हटलं नाही, मीसुद्धा नाही, मला ते नंतर सुचलं.

गयाबाईनं सगळं सांगितलं. दिगंबरराव पेपर खाली न ठेवता म्हणाले, "पन्नास वर्षं झाली त्याला. कुणाला आठवतंय?"

"मला आठवतंय की मालक. थोरले मालक म्हनले व्हते, 'गया, ही वाट सगळ्यांची हाय, मांडव निघाला की पाडून टाकायची. पाडायला तूच ये, लुगडं देतो.' मी आले व्हते दोनदा. थोरले म्हनले, राहू दे यंदाचा पावसाळा." तिनं गुडघ्यावर हात ठेवला. "म्हणून मी आता आलेय पाडायला. उशीर झाला जरा."

दिगंबररावांनी पेपर ठेवला. "उगं कायबी सांगू नको. वडील काय म्हनले ह्याला साक्षी कोण?"

आणि आतून, स्वयंपाकघराच्या दारातून, आवाज आला, "मी."

सरूकाकू. दिगंबररावांची बायको. हातात लाटणं तसंच घेऊन बाहेर आल्या. मी या बाईला आयुष्यात चार वाक्यांपेक्षा जास्त बोलताना ऐकलं नव्हतं.

"मी नवी नवरी, ह्या घरातली पहिली आंघोळ त्याच न्हाणीत केली. गिलावा ओला व्हता. भिंतीला टेकले तर सगळी पाठ मातीनं भरली. तशीच बाहेर आले अन् आत्याबाई वरडल्या. तवा मामंजी सगळ्यांसमोर म्हनले, वरडू नका सुनंवर, चार दिवसाची न्हाणी हाय, वाटंतली हाय, पाडायचीच हाय." मग नवऱ्याकडं बघून, "तुमाला आठवत न्हाई? तुमीच तर सगळ्यांत जास्त हसलाव."

दिगंबररावांचे कान लाल झाले. सत्तरीतला माणूस, पण लाल झाले, मी बघितलं. सरूकाकू पुढं आल्या, पायरीशी वाकल्या आणि म्हणाल्या, "वर या, गयाबाई. उभ्यानं किती वेळ बोलणार? गुडघे दुखत असतील."

पन्नास वर्षांत त्या गल्लीत गयाला पहिल्यांदा कुणी 'या' म्हटलं. ती लगेच चढली नाही. आधी लेकीकडं बघितलं, मग चढली.

दिगंबररावांनी आतून किल्ली आणून दिली. हसून वगैरे नाही, तोंड फिरवून दिली. मन एका दुपारी बदलतं असं मी लिहिणार नाही, दस्तात खोटं लिहायची मला सवय नाही. पण किल्ली दिली. पुढच्या आठवड्यात त्यांनी माझ्यासमोर बसून लिहून दिलं की बोळ सर्वांचा आहे आणि न्हाणी काढायला त्यांची हरकत नाही. त्या कागदाची फी मी घेतली नाही, आणि तो लिहायच्या आधी बोळाची लांबी-रुंदी स्वतः टेप धरून मोजली.

न्हाणी पाडायला मजूर आले होते, पण पहिला घाव गयाबाईनं घातला. टिकाव तिला पेलेना, सिस्टरनं मागून धरला. मातीचा पापुद्रा पडला, आत गवताच्या काड्या अजून पिवळ्या. गयाबाईनं त्या हातात घेऊन बघितल्या आणि म्हणाली, "काम पक्कं झालं व्हतं बगा." संध्याकाळी सरूकाकूंनी घडीचं लुगडं आणून तिच्या मांडीवर ठेवलं. सासऱ्यांचा शब्द होता म्हणाल्या.

याला आता आठ वर्षं होतील. दोन वर्षांपूर्वी मी टेबल बंद केलं. हल्ली सगळं कॉम्प्युटरवर, बोटाचे ठसे, फोटो, माझ्या अक्षराला कोण विचारतंय. शेवटचा दस्त मात्र माझ्या मनासारखा आला. दिगंबरराव काठी टेकत आले. सरूकाकू गेल्या होत्या, त्यांना आता घर मुलीला बक्षीसपत्रानं द्यायचं होतं. म्हणाले, "दुसऱ्याकडं नको. तुमीच लिवा. अन् आधी येऊन भिंतीला हात लावा, न्हाईतर पुन्ना घोटाळा कराल."

टोमणा मला लागला आणि आवडलाही. मी गेले. पूर्वेला गल्ली. पश्चिमेची भिंत सामाईक. दक्षिणेला त्यांच्या भावकीचं घर. मग उत्तरेला बोळात शिरले. बोळ स्वच्छ झाडलेला, टोकाला अंगणात गयाबाई पाटावर बसून लसूण सोलायलेली. ऐंशीच्या घरात आली असेल, पण नजर खणखणीत. दिगंबरराव माझ्या मागून आले आणि तिच्या अंगणातल्या खुर्चीवर बसले. न विचारता बसले, म्हणजे रोजचं असावं.

मी वही काढली. कागद तिथंच लिहायला घेतला. पूर्व, पश्चिम, दक्षिण झालं. माझ्या कामात लिहिणाऱ्यानं सांगायचं नसतं, विचारायचं असतं. म्हणून विचारलं, "उत्तरेस?"

"लिवा," दिगंबरराव म्हणाले. "आम रस्ता बोळ." आज्याच्या बैनाम्यात एवढंच होतं आणि एवढं पुरलं असतं. पण ते पुढं म्हणाले, "अन् बोळाच्या पल्याड गयाबाईचं घर."

मी मान खाली घालून लिहिलं. आबांनी मला या गल्लीतले किती कागद वाचायला लावले, मी स्वतः किती लिहिले. प्रत्येकात शेजाऱ्यांची नावं. ज्या बाईनं सगळ्यांच्या भिंती लिंपल्या तिचं नाव त्यातल्या एकाही कागदात कुणाच्या शेजाराला आलं नव्हतं. माझ्या हातून ते शेवटच्या दिवशी लिहिलं गेलं. आबांचा नियम मी मोडला होता, आणि ज्या बाईचं मी नुकसान केलं तिनंच मला तो पुन्हा पाळायला लावला. तिचे उपकार कसे फेडायचे मला ठाऊक नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

गयाबाईनं लसूण बाजूला ठेवला. "माझं नाव त्यांच्या कागदात कशाला?"

मी म्हटलं, "त्यांचं घर कुठं संपतं ते कळावं म्हणून."

"काय लिवलंय ते वाचा बरं."

मी वाचलं, "उत्तरेस आम रस्ता बोळ व त्यापलीकडे गयाबाई भ्रतार किसन यांचे राहते घर."

तिनं पदरानं हात पुसले, नीट बसली आणि म्हणाली, "आणखी एकदा वाचा."

मी वाचलं.